‘म्हादई’ आणि दक्षिणेचा समुद्र

पृथ्वीप्रदक्षिणेची आपल्याकडे घरोघर सांगितली जाणारी कथा चातुर्याची आहे. कार्तिकेय मोरावर बसून साऱ्या पृथ्वीला वळसा घालावयास निघाला आणि गणपतीने मातापित्यांभोवती फिरून पैज जिंकली. शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करू इच्छिणाऱ्यांना मात्र गणपतीची युक्ती चालत नाही. ध्रुवाजवळ चार मैलांचे वर्तुळ काढले तरी सगळी रेखावृत्ते ओलांडून होतात. परंतु त्याला कोणी प्रदक्षिणा म्हणणार नाही. म्हणून दर्यावर्दी मंडळींनी या प्रवासाला काही नियम घालून घेतले आहेत. प्रवासाचा आरंभ आणि शेवट एकाच बंदरात व्हावा, सर्व रेखावृत्ते ओलांडली जावीत, विषुववृत्त निदान दोनदा ओलांडावे, सुएझ वा पनामा कालव्याचा आश्रय घेऊ नये आणि एकंदर अंतर २१,६०० सागरी मैलांहून कमी नसावे. हा शेवटचा आकडा लहरीने ठरलेला नाही. वर्तुळाचे ३६० अंश, प्रत्येक अंशाच्या ६० कला आणि विषुववृत्तावरची एक कला म्हणजे एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर. गुणाकार केला की २१,६०० होतात. हाच पृथ्वीचा घेर.

हे नियम वाचताना साधे वाटतात. नकाशा पुढे घेतला म्हणजे त्यांतली खरी अट ध्यानात येते. कालवे वर्ज्य केले की आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका या दोन्ही खंडांच्या दक्षिण टोकांना वळसा घालावा लागतो. केप ऑफ गुड होप आणि ऑस्ट्रेलियाचे ल्यूविन भूशिर ही दोन्ही साधारण ३४ अंश दक्षिण अक्षांशावर आहेत. अमेरिकेचे हॉर्न भूशिर मात्र जवळजवळ ५६ अंशांपर्यंत खाली उतरलेले आहे. म्हणजे पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या लहान नौकेला दक्षिण महासागराच्या दारातूनच नव्हे, तर त्याच्या माजघरातून जावे लागते.

भूगोलाच्या शालेय पुस्तकातील ‘गर्जणारे चाळीस’, ‘खवळलेले पन्नास’ आणि ‘किंचाळणारे साठ’ ही नावे अनेकांच्या स्मरणात असतील. ही नावे कवींनी दिली नाहीत. शिडाच्या जहाजांवर जन्म घालविलेल्या खलाशांनी ती दिली. तिशीच्या अक्षांशाच्या आसपास हवेचा दाब अधिक असतो आणि साठीच्या आसपास तो कमी असतो. हवा अधिक दाबाकडून कमी दाबाकडे वाहू लागते. पण पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे दक्षिण गोलार्धात ती आपल्या डावीकडे वळते. दक्षिणेकडे निघालेली हवा अशा रीतीने पूर्वेकडे वळते आणि पश्चिमेकडून येणारे प्रबळ वारे निर्माण होतात. उत्तर गोलार्धातही असे पश्चिमी वारे आहेत. समुद्रापासून शेकडो मैल दूर, लखनौच्या महानगर वसाहतीत राहणाऱ्या माणसालाही त्यांची दूरची ओळख असते. ऐन थंडीत ‘महावट’ म्हणून जो पाऊस तिकडे पडतो आणि शेतकऱ्याच्या गव्हाला जीवदान देतो, तो याच पश्चिमी वाऱ्यांबरोबर येणाऱ्या विक्षोभांचा प्रसाद होय. परंतु उत्तरेत या वाऱ्यांना पर्वत, पठारे आणि खंडांचे विस्तार अडवितात, त्यांचा वेग मोडतात. दक्षिणेत चाळिसाव्या अंशाखाली जमीन जवळजवळ नाहीच, आणि हॉर्नच्या खाली तर वारा साऱ्या पृथ्वीभोवती अडथळ्यावाचून फिरू शकतो.

वाऱ्याइतकाच लाटांचा विचार महत्त्वाचा आहे. लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरते: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला आणि किती लांबवर मोकळ्या पाण्यावरून वाहिला. तलावावर कितीही वादळ झाले तरी लाट फार उंच होत नाही, कारण तिला वाढावयास अंगणच नसते. दक्षिण महासागरात हे अंगण हजारो मैलांचे आहे. त्यातून तेथे दर काही दिवसांनी कमी दाबाची आवर्ते पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत असतात. आवर्त जवळ येऊ लागले की वायुभारमापकाचा काटा उतरतो आणि वायव्येचा वारा वाढत जातो. ते पुढे सरकले की वारा एकाएकी नैर्ऋत्येचा होतो. जुन्या वाऱ्याने उठविलेल्या लाटा अजून शमलेल्या नसतात तोच नव्या वाऱ्याच्या लाटा त्यांना आडव्या येतात. लहान नौकेला खरे भय असते ते एका दिशेने येणाऱ्या उंच लाटेचे नसून या दोन लाटांच्या झटापटीचे.

हॉर्न भूशिराजवळ या सर्वांवर कळस चढतो. भूशिर आणि अंटार्क्टिका यांच्यामध्ये सुमारे ८०० किलोमीटर रुंदीची सामुद्रधुनी आहे. साऱ्या दक्षिण महासागराचे वारे आणि प्रवाह या अरुंद वाटेतून पुढे जावयास पाहतात. त्यातच हजारो मीटर खोल असलेला तळ किनाऱ्याजवळ एकदम उथळ होतो आणि लांबट लाटा उभ्या राहून फुटू लागतात. आफ्रिकेच्या टोकाशी संकटाचे रूप निराळे आहे. तेथे अगुल्हास नावाचा वेगवान उष्ण प्रवाह नैर्ऋत्येकडे वाहतो आणि वादळी वारा नेमका नैर्ऋत्येकडून येतो. प्रवाह आणि वारा समोरासमोर भिडले की लाटांमधले अंतर घटते व त्यांचे चढ भिंतीसारखे उभे होतात.

अशा पाण्यातून एकट्या माणसाने लहान नौका न्यावी ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वेडेपणाची समजली जात होती. जोशुआ स्लोकम या अमेरिकन कप्तानाने १८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’ नावाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. तीही हॉर्नला वळसा न घालता मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून. कोठेही न थांबता एकट्याने ही प्रदक्षिणा करण्याचा पहिला मान मिळाला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज तरुणाला. १४ जून १९६८ रोजी त्याने इंग्लंडमधील फाल्मथ बंदर सोडले आणि २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, तो तेथेच परतला. त्या शर्यतीत नऊजण निघाले होते. पोहोचला तो एकटाच. या पराक्रमाशी मुंबईचा एक धागा जुळलेला आहे. नॉक्स-जॉन्स्टनची ३२ फुटी ‘सुहैली’ ही सागवानी नौका मुंबईत, कुलाब्याला बांधली गेली होती आणि तिचे पहिले पाणी १९६४ साली मुंबईच्याच बंदरात झाले होते. नौका आपल्याकडची, लाकूड आपल्याकडचे, सुतार आपल्याकडचे; नव्हता तो फक्त नाखवा.

ही उणीव ज्यांच्या मनाला दीर्घकाळ लागून राहिली ते व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात ‘कामोर्टा’ या युद्धनौकेचे नेतृत्व करून वीरचक्र मिळविलेले आवटी १९८३ साली पश्चिम नौदल विभागाच्या प्रमुखपदावरून निवृत्त झाले आणि सातारा जिल्ह्यात फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी स्थायिक झाले. दरम्यानच्या काळात भारतीय सेनेच्या इंजिनिअर दलातील तुकडीने ‘तृष्णा’ या नौकेतून १९८५ ते १९८७ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. पण ती अनेकांनी मिळून केलेली सफर होती आणि नौका परदेशी बांधणीची होती. आवटींचा आग्रह दुहेरी होता. प्रदक्षिणा एकट्या भारतीयाने करावी आणि नौका भारतातच बांधलेली असावी. नौदलाने ही कल्पना उचलली, तिला ‘सागरपरिक्रमा’ असे नाव दिले आणि २००६ साली कमांडर दिलीप दोंदे यांनी या कामासाठी स्वतःहून नाव पुढे केले. त्याच वर्षी दोंदे इंग्लंडला गेले. नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा वयाच्या ६७ व्या वर्षी पुन्हा एकदा एकट्याने जग हिंडावयाच्या तयारीत होते. त्या तयारीत हात घालता घालता दोंदे यांनी या विद्येचे पहिले पाठ घेतले.

नौका बांधण्याचे काम गोव्यातील रत्नाकर दांडेकर यांच्याकडे आले. मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर त्यांचा कारखाना होता. आराखडा हॉलंडच्या व्हॅन डे स्टाट या नामांकित संस्थेचा होता.  लाकडाच्या लांब, अरुंद पट्ट्या सांगाड्यावर एकीला एक चिकटवून नौकेचे अंग घडवावयाचे आणि आतून-बाहेरून त्यावर काचतंतू व राळेचा लेप चढवावयाचा, अशी तिची रचना होती. एका पट्टीचा सांधा कच्चा राहिला तर त्याची किंमत कारखान्यात नव्हे, किनाऱ्यापासून दोन हजार मैलांवर मोजावी लागणार होती. बांधणी चालू असताना दोंदे गोव्यातच राहिले. वादळात एखादा भाग निखळला तर तो कोठे, कसा व कशाने बसविला आहे हे ठाऊक असलेला माणूस नौकेवर हवा, आणि नौकेवर तर माणूस एकच असणार होता. १२ फेब्रुवारी २००९ रोजी ही ५६ फूट लांबीची, सुमारे २३ टन वजनाची नौका नौदलात दाखल झाली. मांडवी नदीचे वरच्या अंगाचे नाव तिला देण्यात आले: ‘म्हादई’.

छप्पन्न फूट म्हणजे रेल्वेच्या एका डब्याहूनही कमी लांबी. एवढीशी नौका त्या पाण्यात टिकते कशी, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. तिचे पहिले संरक्षण तिच्या तळाशी असते. नौकेच्या कण्याखाली खोलवर जड धातूचे वजन बसविलेले असते. लाटेने नौका आडवी पाडली, डोलकाठी पाण्याला टेकली, तरी ते वजन तिला पुन्हा उभी करते. तळाशी जड गोळी असलेली बाहुली कशीही लोटली तरी उठून बसते, तसेच. दुसरे संरक्षण म्हणजे तिची झाकणे. नारळ जसा पाण्यात बुडत नाही तशी दारे-खिडक्या घट्ट मिटलेली नौका पाण्याखाली गेली तरी वर येते. तिसरे संरक्षण नाखव्याच्या विवेकात असते. वारा वाढू लागला की शीड उतरवावयाचे, लहान करावयाचे, आणि हे काम वारा अंगावर येण्यापूर्वी करावयाचे. मागून येणाऱ्या लाटेवर नौका वेगाने घसरू लागली आणि सुकाणूचा ताबा सुटला तर ती लाटेला आडवी होते, आणि आडवी झालेली नौकाच उलटते. म्हणून कित्येकदा वेग वाढविण्याऐवजी मागे लांब दोर सोडून तो मुद्दाम कमी करावा लागतो.

सुकाणू अहोरात्र एकट्याने धरणे कोणालाही शक्य नाही. त्यासाठी पिछाडीला वाऱ्यावर चालणारे एक यंत्र असते. त्याचे पाते वाऱ्याशी ठरावीक कोनात लावलेले असते. नौका वळली की पाते कलते आणि त्या कलण्याने सुकाणू आपोआप फिरून नौका पूर्ववत मार्गावर येते. यंत्राला वीज लागत नाही, भूक लागत नाही आणि झोपही लागत नाही. झोपेचा प्रश्न उरतो तो माणसाचा. एकटा दर्यावर्दी सलग झोपत नाही. तो थोडा थोडा वेळ डोळा लावतो, उठून क्षितिज, शिडे आणि होकायंत्र पाहतो आणि पुन्हा कलंडतो. नौकेचा आवाज किंचित बदलला तरी त्याची झोप उडते. तान्ह्या मुलाची आई जशी झोपते, तशी ही झोप असते.

कमांडर दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले. नारळी पौर्णिमा होऊन पंधरवडा लोटला होता, पण समुद्र अद्याप पावसाळी होता. या मुहूर्तामागे पंचांग नव्हते, दक्षिणेचा उन्हाळा होता. हॉर्न भूशिर गाठावयाचे ते डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांतच. त्यांनंतर तेथे दिवस आखूड आणि वादळे उग्र होतात. तिकडचा उन्हाळा साधावयाचा तर इकडचा पावसाळा अंगावर घेऊनच निघावे लागते. ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटल्टन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली आणि आफ्रिकेतील केप टाउन अशा चार बंदरांत थांबत, तीनही भूशिरांना वळसा घालीत ‘म्हादई’ १९ मे २०१० रोजी मुंबईला परतली. बरोबर नऊ महिने झाले होते. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला भारतीय त्या दिवशी किनाऱ्याला लागला.

दोंदे यांच्या सफरीत बंदरोबंदरी जाऊन नौकेची व्यवस्था पाहणारे एक तरुण अधिकारी होते अभिलाष टॉमी. पुढची पायरी त्यांनी गाठली. १ नोव्हेंबर २०१२ रोजी त्याच ‘म्हादई’तून ते मुंबईहून निघाले आणि कोठेही न थांबता, कोणाचेही साहाय्य न घेता, ३१ मार्च २०१३ रोजी, १५१ दिवसांनी परतले. २६ जानेवारीला, प्रजासत्ताकदिनी, त्यांनी हॉर्नला वळसा घातला होता. एकच नौका, एकाच कारखान्यातील कारागिरांच्या हातची, दोनदा पृथ्वीभोवती फिरून आली. दांडेकरांच्या पट्ट्यांचे सांधे पक्के होते, याहून निराळी साक्ष लागू नये.

परंतु समुद्र कोणाला कायमचे प्रशस्तिपत्र देत नाही. १९६८ च्या शर्यतीच्या पन्नाशीनिमित्त २०१८ साली जी शर्यत झाली, तिच्यात त्या काळी उपलब्ध होती तेवढीच साधने वापरण्याची अट होती. टॉमी ‘सुहैली’च्या धर्तीवर गोव्यातच बांधलेल्या ‘थुरिया’ या नौकेतून तिच्यात उतरले. २१ सप्टेंबर रोजी हिंदी महासागराच्या दक्षिण भागात, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर, वादळाने नौका उलटविली. डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. त्यांना उठून उभेही राहता येईना. ऑस्ट्रेलियाच्या बचावकेंद्राने सूत्रे हाती घेतली. भारतीय नौदलाच्या विमानाने घिरट्या घालून नौकेचा ठाव घेतला. शर्यतीतला आयरिश प्रतिस्पर्धी, ग्रेगर मॅकगकिन, याची स्वतःची डोलकाठी मोडली असतानाही तो त्यांच्याकडे निघाला. अखेर २४ सप्टेंबर रोजी ‘ओसिरिस’ या फ्रेंच मत्स्यरक्षक जहाजाच्या माणसांनी त्यांना उचलून ॲमस्टरडॅम बेटावर नेले. कोणत्या देशाचा माणूस, असा प्रश्न त्या तीन दिवसांत कोणी विचारला नाही. त्या अक्षांशावर माणसे इतकी विरळ असतात की प्रत्येकाची मोजदाद सगळ्यांना ठेवावी लागते.

टॉमी पुन्हा चालू लागले एवढेच नव्हे, तर सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच शर्यतीच्या पुढच्या खेपेला ते ‘बायानात’ नौका घेऊन उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसऱ्या क्रमांकाने फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले. पहिली आली होती कर्स्टन नॉयशेफर ही दक्षिण आफ्रिकेची स्त्री.

स्त्रियांचा उल्लेख निघाला तेव्हा ‘तारिणी’ची हकीकत सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. ‘म्हादई’ची ही धाकटी बहीण २०१७ साली दिवाडीच्याच कारखान्यातून पाण्यावर उतरली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डपाटी, एस. विजया देवी आणि पायल गुप्ता या सहा अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या व २१ मे २०१८ रोजी परतल्या. जोशी ऋषिकेशच्या, जामवाल कुलूच्या, विजया देवी मणिपूरच्या. डोंगरात वाढलेल्या मुलींनी हॉर्न ओलांडावे, यात नवल वाटण्याचे कारण नाही. समुद्र हे किनाऱ्यावरच्यांचे वतन आहे ही समजूतच चुकीची आहे. त्यानंतर लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात ‘तारिणी’तून प्रदक्षिणा केली. ३० जानेवारी २०२५ रोजी त्या प्रशांत महासागरातील ‘निमो’ बिंदूवरून गेल्या. तेथून सर्वांत जवळची जमीन, कोणत्याही दिशेला, सुमारे २,७०० किलोमीटर दूर आहे.

या सफरींचा उपयोग काय, असे कोणी विचारील. त्यांनी नवा देश शोधला नाही, व्यापाराचा मार्ग उघडला नाही. जे ज्ञान त्यांनी मिळविले ते नकाशाचे नव्हे, हातांचे होते. शीड केव्हा उतरवावे, कोणता दोर आधी झिजतो, भय वाटले म्हणजे प्रथम कोणते काम हाती घ्यावे, ही विद्या पुस्तकातून पुरती येत नाही. ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते. नॉक्स-जॉन्स्टनकडून ती दोंदे यांच्याकडे आली. दोंदे यांनी टॉमींना आणि पुढे ‘तारिणी’च्या सहाजणींना ती दिली. आपल्या किनाऱ्यावर आंग्र्यांच्या काळी ही परंपरा नांदत होती. मध्यंतरी कोळीवाड्यांनी ती मासेमारीपुरती जपली. खुल्या महासागरातला तिचा धागा मात्र तुटला होता. तो पुन्हा जोडावयास एक नौका आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी माणसे पुरली.

मनोहर आवटी ३ नोव्हेंबर २०१८ रोजी विंचुर्णी येथे निवर्तले. माण तालुक्याला लागून असलेला तो मुलूख पावसाची वाट पाहणारा आहे. तेथून समुद्र दिसत नाही, त्याची गाजही ऐकू येत नाही. त्यांच्या अखेरच्या वर्षी ‘तारिणी’च्या सहाजणी हॉर्नला वळसा घालून सुखरूप घरी आल्या होत्या.